स्लो

गाडी धावते तोवर काही नाही.
पुईखडीचा चढ ती तिसऱ्यात ओढते.
दसरा चौकात सिग्नलला थांबली
की तिचं सुरू होतं:
आवाज वर, खाली, पुन्हा वर,
मग आवंढा गिळल्यासारखं काहीतरी
आणि गप्प.
मागे दोन रिक्षा, एक उसाचा ट्रॅक्टर,
सगळ्यांचे हॉर्न माझ्या मानेवर.

मंदाकिनी म्हणाली, तुमचंच आलंय तिला.

एप्रिलअखेर मी कारखान्यातून सुटलो.
चौतीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये
सागवानातून पंपांची पोटं कोरली.
मे महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे
उंचीप्रमाणे लावले,
जूनमध्ये तिचा हात पोचेल त्याप्रमाणे परत.

दस्तगीर शिकलगारचं गॅरेज उद्यमनगरात,
एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला भंगाराचा काटा.
"पद्मिनी! ब्याऐंशीची का ओ?"
"एक्क्याऐंशी."
"म्हंजे माझ्याहून तीन वर्षांनी थोरली."
एवढं म्हणून तो बॉनेटखाली गेला.

पॉइंट घासले. गॅपमध्ये पत्ती घालून पाहिली.
चारही प्लग फडक्यावर ओळीनं निजवले.
स्लोचा जेट ओठांत धरून फुंकला,
पेट्रोल थुंकला,
"ह्ये बी न्हवं."
मग स्क्रू: अर्धा आटा आत, पाव बाहेर,
डोळे मिटून, मान जराशी कलती.
ती दोन मिनिटं ऐकायची
आणि पुन्हा वर, खाली, गप्प.

त्यानं वीतभर रबरी नळी घेतली,
एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या बुडाशी
फिरवत राहिला.
शेजारच्या लेथला हातानंच थांब म्हणाला.
"आलं. ऐका."
मी नळी घेतली.
बारीक स्स्स,
झोपलेल्याच्या दातांतून येतो तसला.
"हवा खातीया. चोरून.
पळताना घास मोठा, कळत न्हाई.
उभी ऱ्हायली की तेवढीच हवा जड जाती."

मी काही बोललो नाही.
मलाही रोज संध्याकाळी घरातून
रंकाळ्यावर हवा खायला पाठवतात.

पॅकिंगसाठी पोरगं तीन दुकानं फिरून
हात हलवत आलं.
"शीट आहे का?" मी विचारलं.
शीट होती, गुंडाळून, कपाटावर, धुळीत.

आधी फ्लँज. पट्टी लावली तर मधे उजेड दिसला,
केसाएवढा.
काचेवर पॉलिश पेपर अंथरून
आठचे आकडे काढत घासला,
उजेड जाईपर्यंत.
मग शीट वर धरून
गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं
टक, टक, टक.
मारायचं थोडं, कडेलाच कापू द्यायचं.
बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवली,
एकेक ठोका.
तीन महिन्यांनी नखं काळी झाली.
पोरगं बघत बसलं होतं,
दस्तगीरनं चहाला पिटाळलं तेव्हा कुठं उठलं.

बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले.
सेल मारला.
तिनं एकदा घसा साफ केला,
स्क्रू पाव आटा फिरला,
आणि ती उभी राहिली.
उभीच राहिली.

पोरानं भरलेला ग्लास
तिच्या एअर क्लीनरवर ठेवला.
चहावर साय धरली.
सायीला बारीक कंप होता,
पण ती फाटली नाही.
"आता कसं!" दस्तगीर म्हणाला,
आणि पैशाचं विचारलं तर
पॅकिंगचे वजा करून सांगितले.

परतताना दसरा चौकात मुद्दाम
लाल दिव्यावरच आलो.
सवयीनं पाय रेसवर गेला होता,
तो काढून खाली ठेवला.
नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी.
ती आपली गुणगुणत.
मी काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं.

हिरवा पडला. मागून हॉर्न.
अरे थांब की भावा,
आत्ताशी कुठं जमायला लागलंय.